यूएईत फॅमिली व्हिसा काढताना या चुका टाळा

नोकरी पक्की झाली, स्वतःचा रेसिडेन्स व्हिसा झाला, की पुढचा विचार बायको-मुलांना आणण्याचा. पगाराची अट आता फार अवघड राहिलेली नाही. महिना 4,000 दिरहम, किंवा 3,000 दिरहम आणि राहायला कंपनीचं घर. पूर्वी ठरावीक हुद्द्यांवरच्या लोकांनाच कुटुंब आणता यायचं. 2019 मध्ये ती अट गेली आणि उत्पन्नच बघितलं जाऊ लागलं. तरी अर्ज परत येतातच. बहुतेक वेळा अडतं ते सांगली-साताऱ्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत निघालेल्या एखाद्या दाखल्यावर.

दाखला आहे, पण चालत नाही

लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले यूएईत चालण्यासाठी चार ठिकाणचे शिक्के लागतात, आणि तेही ठरलेल्या क्रमाने. आधी राज्य सरकारचं साक्षांकन (महाराष्ट्रातल्या दाखल्यांना मुंबईत मंत्रालयातून), मग भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचं, मग भारतातल्या यूएईच्या दूतावासाचं किंवा मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाचं, आणि शेवटी यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचं, ज्याला तिकडे सगळे 'मोफा' म्हणतात. मोफाची फी एका दाखल्याला 150 दिरहम. प्रत्येक कचेरी फक्त आधीच्या कचेरीची सही तपासते, म्हणून मधली पायरी गाळून पुढे जाता येत नाही.

इथे हमखास होणारा घोळ म्हणजे दोन परराष्ट्र मंत्रालयांचा. "परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आहे की" असं म्हणत लोक टायपिंग सेंटरमध्ये (तिकडे सरकारी अर्ज भरून देणारं दुकान) दाखला पुढे करतात. तो शिक्का दिल्लीच्या मंत्रालयाचा असतो आणि हवा असतो मोफाचा.

दुसरा घोळ एपोस्टिलचा, म्हणजे दूतावासाच्या शिक्क्याऐवजी काही देशांत चालणाऱ्या, भारताच्याच परराष्ट्र मंत्रालयाने दिलेल्या शिक्क्याचा. ओमान, बहारीन, सौदी यांना एपोस्टिल चालतं. यूएईला चालत नाही, तिथे दूतावासाचा शिक्काच लागतो. मस्कतला असलेल्या मेव्हण्याच्या सल्ल्याने एपोस्टिल करून घेतलं, तर पुढचा रस्ता तिथेच खुंटतो. एजंटकडे कागद देताना देशाचं नाव पावतीवर लिहून घ्या.

लॅमिनेशन करू नका. दाखला जपण्याच्या हौसेपोटी तो प्लास्टिकमध्ये बंद केला की त्यावर शिक्का उमटत नाही, आणि सोलायला गेलं तर शाई प्लास्टिकबरोबर निघून येते. असा दाखला उकलत बसण्यापेक्षा विवाह निबंधकाकडून नवी प्रमाणित प्रत काढणं सोपं.

गावी नोंदलेल्या लग्नांचं वेगळं दुखणं असतं. तिथे ग्रामसेवक हाच निबंधक. दाखला हाताने भरलेला, फक्त मराठीत, गोल शिक्का अर्धा पुसट. मुंबईत ती सही ओळखणारं कुणी नसतं, त्यामुळे वरच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी मागितली जाऊ शकते. गावी गेलात की इंग्रजी मजकूर असलेली, छापील, ठळक शिक्क्याची प्रत मागून घ्या. आणि लग्नाची नोंदच केली नसेल (निमंत्रणपत्रिका आणि अल्बम यांच्यावर भागवलेले संसार अजूनही पुष्कळ आहेत) तर ते काम सगळ्यांत आधी. उशिरा नोंदलेलं लग्न चालतं, न नोंदलेलं चालत नाही.

मुलांच्या जन्मदाखल्यात नावाचा रकाना रिकामा नाही ना, ते बघा. बारशाआधी नोंद झालेली असते आणि नाव घालायला पुन्हा कुणी जात नाही. शाळाप्रवेशाला आधारकार्डावर निभावून नेलेलं असतं. यूएईत बिननावाचा दाखला म्हणजे कुठल्याही मुलाचा दाखला.

इंग्रजी दाखल्याचाही अरबी अनुवाद मागू शकतात. तो भारतातून करून नेऊ नका. यूएईत परवाना असलेल्या कायदेशीर अनुवादकाचाच ग्राह्य धरतात, आणि तोही सगळे शिक्के झाल्यावर करायचा, म्हणजे शिक्क्यांचाही अनुवाद त्यात येतो.

सावंतांचा 'व'

मराठी नावं रोमन लिपीत गेली की त्यांचे दोन-दोन अवतार होतात. नवऱ्याच्या पासपोर्टवर सावंतचा 'व' डब्ल्यूने लिहिलेला, लग्नाच्या दाखल्यावर व्हीने. सुनीताच्या 'नी'ला एकीकडे आय, दुसरीकडे डबल ई. आपल्याला यात काहीच गैर वाटत नाही. कॉम्प्युटरला ती दोन वेगळी माणसं वाटतात.

त्याहून मोठी अडचण लग्नानंतर बदललेल्या नावाची. समजा, पासपोर्टवर 'सुनीता विष्णू जाधव' आहे आणि लग्नाच्या दाखल्यावर 'सुनीता रमेश सावंत'. बदललं आहे ते निम्म्याहून जास्त नाव, आणि मधलं नाव हे वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, हे अरबी अधिकाऱ्याने कुठून जाणायचं? दोन वाटा आहेत. लग्नानंतरच्या नावाने नवा पासपोर्ट काढायचा, किंवा माहेरचं नाव तसंच ठेवून पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जोडीदाराच्या रकान्यात नवऱ्याचं नाव घालून घ्यायचं. दुसरी वाट कायद्याने पूर्ण वैध आहे. मात्र त्या पानावरचं नवऱ्याचं नाव त्याच्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

पासपोर्ट बदलायचा असेल तर दाखले शिक्के मारायला देण्याआधी आणि व्हिसाचा अर्ज करण्याआधी बदला. एन्ट्री परमिट जुन्या पासपोर्टवर आणि प्रवास नव्या पासपोर्टवर, म्हणजे विमानतळावर तासभराची हुज्जत.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना मोकळा असेल आणि एकच शब्द छापलेला असेल, तर तोही आधी दुरुस्त करा. नोव्हेंबर 2022 पासून यूएईने व्हिजिट आणि टुरिस्ट व्हिसावर एकेरी नावाच्या प्रवाशांना अडवायला सुरुवात केली.

पगार नेमका कुठला, घर नेमकं कुणाचं

बँकेत दरमहा साडेचार हजार जमा होतात, पण करारात 3,200 लिहिलेले आहेत आणि बाकीचा ओव्हरटाइम आहे, अशा वेळी अर्ज अडतो. बघतात तो नोंदलेल्या करारातला पगार. बँक स्टेटमेंट त्याला दुजोरा द्यायला. पगारवाढ झाली असेल तर नवा आकडा करारात चढल्याची खात्री करूनच अर्ज करा.

घराचा करार अर्जदाराच्या नावावर आणि नोंदलेला हवा: दुबईत इजारी, अबू धाबीत तौतीक (या तिथल्या भाडेकरार नोंदणीच्या पद्धती), शारजात महापालिकेने प्रमाणित केलेला. बेडस्पेस किंवा मित्राच्या नावावरचा शेअरिंग फ्लॅट इथे उपयोगाचा नाही. दुबईत नोकरी आणि शारजात घर, ही आपल्याकडच्या अनेकांची घडी. तिला हरकत नाही, पण अर्ज तुमचा व्हिसा ज्या अमिरातीचा, तिथेच जातो. दुबईचा व्हिसा असेल तर जीडीआरएफए (दुबईचं रेसिडेन्स खातं) किंवा त्याचे अर्ज घेणारं आमेर सेंटर, बाकी अमिरातींसाठी आयसीपी (संघराज्याचं ओळखपत्र आणि रेसिडेन्सचं खातं). लोक घराजवळचं टायपिंग सेंटर गाठतात आणि चुकीच्या खिडकीत फी भरून बसतात.

दिवस मोजताना

एन्ट्री परमिट निघाल्यापासून 60 दिवसांत देशात यायचं. आल्यावर आणखी 60 दिवसांत मेडिकल, एमिरेट्स आयडी आणि रेसिडेन्स पुरं करायचं. पहिले 60 दिवस मुलांच्या वार्षिक परीक्षेत सहज निघून जातात, म्हणून परमिट प्रवासाच्या तारखेकडून मागे मोजून काढा.

बायको-मुलांना व्हिजिट व्हिसावर आणून तिथेच स्टेटस चेंज करता येतो. गोची होते ती साक्षांकन न झालेला दाखला बॅगेत घेऊन आल्यावर. मग तोच दाखला कुरियरने मुंबईला परत, तिथून मंत्रालय, दिल्ली, वाणिज्य दूतावास, आणि इकडे व्हिजिटचे दिवस संपत येतात. मुदत उलटली की दिवसाला 50 दिरहम दंड, आणि तो माणशी असतो. बायको आणि दोन मुलं असतील तर दिवसाला 150.

बायको पूर्वी कधी यूएईत राहून गेली असेल, तर तिची जुनी फाइल रीतसर रद्द झाली आहे का ते आधी विचारा. पाच वर्षांपूर्वी व्हिसा रद्द न करताच भारतात परतलेल्यांची नोंद तशीच लोंबकळत असते आणि नवं परमिट निघत नाही.

मेडिकल 18 वर्षांपासून पुढच्यांना: रक्ताची तपासणी आणि छातीचा एक्स-रे. दिवस गेलेले असतील किंवा नुसती शंका असेल, तर एक्स-रेच्या खोलीत जाण्याआधी सांगा. गरोदर बाईचा एक्स-रे काढत नाहीत. 15 वर्षांपासून पुढच्यांना एमिरेट्स आयडीसाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. एप्रिल 2022 नंतर पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागत नाही, आयडी हाच रेसिडेन्सचा पुरावा, तेव्हा "स्टॅम्पिंग कधी होणार" म्हणून थांबून राहू नका.

बाळंतपण माहेरी

रेसिडेन्स असलेली व्यक्ती सलग 180 दिवसांहून जास्त देशाबाहेर राहिली, की व्हिसा आपोआप बाद होतो. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिथेच हा नियम अंगाशी येतो.

हिशेब मांडून बघा. पोट दिसायला लागलं की विमान कंपन्या डॉक्टरांची चिठ्ठी मागू लागतात, म्हणून ती 28व्या आठवड्याच्या सुमारास निघते. चाळिसाव्या आठवड्यापर्यंत 84 दिवस गेले. उरले 96. त्यात बारसं, महापालिकेचा जन्मदाखला, त्याचे शिक्के, बाळाचा पासपोर्ट, एन्ट्री परमिट, आणि तिकीट. शिवाय पासपोर्टसाठी आई आणि वडील दोघांची संमती लागते; वडील तिकडे असतील तर त्यांचं प्रतिज्ञापत्र भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन यावं लागतं. आजी म्हणते, "सव्वा महिना तरी घराबाहेर पडायचं नाही." त्या सव्वा महिन्यात कागदाचं काम कुणीच केलं नाही, तर 96 दिवस पुरत नाहीत.

म्हणून नाव आधी ठरवा आणि जन्माची नोंद करतानाच नावासकट दाखला काढा. वडिलांचं प्रतिज्ञापत्र पहिल्या आठवड्यात पाठवा. बाळाचा जन्मदाखला शिक्क्यांसाठी एजंटकडे असताना पासपोर्टचं काम स्कॅन प्रतीवर अडणार नाही, यासाठी दाखल्याच्या दोन मूळ प्रती घ्या. मुदत उलटलीच तर परतीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण कारणाचा पुरावा द्यावा लागतो आणि जादा राहिलेल्या दर 30 दिवसांना 100 दिरहम दंड असतो. बाळंतपणाचे हॉस्पिटलचे कागद तेव्हा उपयोगी पडतात, ते फेकू नका.

बाळ यूएईतच जन्मलं तर जन्मापासून 120 दिवसांत त्याचा रेसिडेन्स व्हायला हवा. चार महिने पुष्कळ वाटतात, पण त्यात तिथला जन्मदाखला, भारतीय दूतावासातली जन्मनोंद आणि भारतीय पासपोर्ट एवढं सगळं बसवायचं असतं. दुबई आणि उत्तरेकडच्या अमिरातींसाठी दुबईतला वाणिज्य दूतावास, अबू धाबीसाठी तिथला दूतावास.

मोठी मुलं, आई-वडील

अविवाहित मुलगा आता 25 वर्षांपर्यंत बापाच्या व्हिसावर राहू शकतो. ऑक्टोबर 2022 पूर्वी ही मर्यादा 18 होती, शिकत असेल तर 21. अविवाहित मुलीला वयाची अट नाही. जुना आकडा डोक्यात ठेवून अठराव्या वर्षी मुलाला परत पाठवणारे पालक अजून भेटतात. आई स्पॉन्सर असेल तर वडिलांचं साक्षांकित ना हरकत पत्र तयार ठेवा.

आई-वडिलांचं गणित वेगळं आहे. पगाराची अट थेट 20,000 दिरहम, घर दोन बेडरूमचं, व्हिसा एक वर्षाचा, माणशी अनामत रक्कम आणि आरोग्य विमा. दोघांसाठी एकत्रच अर्ज करायचा. एकटी आई आणायची असेल तर वडिलांचा मृत्यूदाखला किंवा घटस्फोटाचा कागद लागतो, तोही त्याच चार शिक्क्यांसह. त्यांचा सांभाळ तुम्हीच करता, याचं भारतीय दूतावासातलं प्रमाणपत्र हवं. तुमच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव 'राम' आणि त्यांच्या पासपोर्टवर 'रामचंद्र' असेल, तर ते इथे उघडं पडतं. विम्याचा आकडा अर्ज करण्याआधी विचारा. सत्तरीच्या मधुमेही वडिलांसाठी तो ऐकून बेत व्हिजिट व्हिसावर येऊन थांबतो, आणि बऱ्याच घरांना तेच परवडतं.

नोकरी बदलताना

कुटुंबाचा व्हिसा तुमच्या व्हिसाला टांगलेला असतो. तुमचा रद्द होण्याआधी त्यांचा रद्द करावा लागतो, किंवा दुबईत त्यांच्या फाइली तात्पुरत्या होल्डवर ठेवता येतात. राजीनामा देण्याआधीच कंपनीच्या पीआरओला (व्हिसाची सरकारी कामं बघणाऱ्या माणसाला) यातलं काय होणार ते विचारा आणि होल्डची पावती स्वतःकडे ठेवा. नवा व्हिसा झाला की फाइली आपोआप नव्या कंपनीखाली सरकत नाहीत. प्रत्येकाचा अर्ज पुन्हा करायचा असतो. त्या वेळी लग्नाचा तोच शिक्के मारलेला मूळ दाखला परत मागतात, तेव्हा तो गावच्या कपाटात न ठेवता यूएईतल्या घरी ठेवा, प्लास्टिकच्या साध्या फोल्डरमध्ये.