दोन वर्षांचं मूल बोलत नसेल तर: तपासणी आणि स्पीच थेरपीकडे कसं जावं

‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘ह्याचा बापही उशिरा बोलला’ हे घरातल्या मोठ्यांचं सांगणं पुष्कळदा खरंही ठरतं. पण कोणतं मूल आपलं आपण बोलायला लागेल आणि कोणाला मदत लागेल, हे दुसऱ्या वर्षी घरी बसून ओळखता येत नाही. तपासणीत सगळं ठीक निघालं, तर फार तर एखादी सुट्टी गेली. वाट पाहायचीच असेल, तर तपासून घेऊन मग पाहा.

आधी वही घ्या

मूल स्वतःहून काय बोलतं ते आठवडाभर लिहा. ‘मम’, ‘भूभू’, ‘हम्मा’ हेही शब्दच. त्याच गोष्टीसाठी दर वेळी तोच आवाज काढत असेल तर तो मोजा. मोबाइलवर पाठ झालेली एबीसीडी आणि रंगांची नावं मात्र धरू नका. तहान लागल्यावर ते ‘पाणी’ किंवा निदान ‘पा’ म्हणतं का, ते पाहा.

शब्दांपेक्षाही मी समज आणि खाणाखुणांना जास्त वजन देईन. हातवारे न करता ‘चप्पल आण’ म्हटलं तर आणतं का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतं, की तुमचा हात धरून तिथे नेतं? आकाशात विमान दिसलं तर तुम्हीही पाहावं म्हणून तुमच्याकडे वळतं का?

वर्षाचं झाल्यावरही हाकेला वळत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘बाबा ये’, ‘अजून दे’ असे दोन शब्द जोडत नाही, यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टर गाठा. आलेले शब्द गळून पडायला लागले असतील, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात जा.

मग कान

बालरोगतज्ज्ञांना ती वही दाखवा आणि कानाची तपासणी मागून घ्या. ‘त्याला सगळं ऐकू येतं, दार वाजलं की पळतो’ हा पुरावा पुरेसा नाही. थोडं कमी ऐकू येणाऱ्या मुलाला दाराचा आवाज कळतो, पण बोलण्यातले ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज निसटतात. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठूनही असं होतं, आणि त्यावर उपचार असतात.

आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी ओएई ही तपासणी काही मिनिटांत होते. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पाहणाऱ्या बेरा तपासणीसाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. म्हणून सहसा आदल्या रात्री उशिरा झोपवायला आणि सकाळी लवकर उठवायला सांगतात. तरीही झोपलं नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध देतात. जाताना वाटेत गाडीत डुलकी लागू देऊ नका, नाहीतर तारीख पुन्हा घ्यावी लागते.

कुठे जायचं

खर्चाची चिंता असेल तर अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारा. मुलांच्या तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013पासून सुरू आहे. त्याची पथकं अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा मुलं तपासतात आणि गरज असेल त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथकाची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयात जाऊन थेट चौकशी करता येते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. बोलणं आणि ऐकणं हाच तिचा विषय.

खाजगी स्पीच थेरपिस्ट निवडताना ऐकणं-बोलणं या विषयातली पदवी (बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी) आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. संकोच नको. ‘तीन महिन्यांत बोलता करतो’ अशी हमी, वर्षाचे पैसे आगाऊ, किंवा आईबापांनी बाहेरच बसायचं हा नियम दिसला, तर दुसरीकडे चौकशी करा.

पहिली भेट

जन्मानंतर लगेच रडलं का, काचेत ठेवलं होतं का, कावीळ, बसणं-चालणं कधी, घरात कोण कोणती भाषा बोलतं, हे सगळं थेरपिस्ट विचारतात. फाइल, कानाचे रिपोर्ट आणि वही सोबत न्या. नव्या जागी मूल गप्प होतं, म्हणून घरी खेळताना काढलेला छोटा व्हिडिओ फार उपयोगी पडतो. पुष्कळशी तपासणी खेळता खेळताच होते. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादीही भरून घेतील. ती स्वमग्नतेची (ऑटिझमची) चाळणी आहे, निदान नव्हे. निघताना समज आणि बोलणं यांची पातळी वेगवेगळी नोंदवलेला लेखी अहवाल मागा.

‘घरी फक्त इंग्रजीच बोला’ असा सल्ला मिळाला तर मानू नका. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. तुम्हाला सहज येते ती मराठी बोला. जिभेला वेखंड लावून किंवा शिट्टी फुंकायला लावून शब्द येत नाहीत. जीभ खालून चिकटलेली असेल तर काही उच्चार अडतात, पण मूल बोलतच नसेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

थेरपी घरीच जास्त होते

आठवड्यातला तासाभराचा वेळ थेरपिस्टचा, बाकीचा तुमचा. म्हणून सेशनमध्ये बसा आणि काय करतात ते उचला. मूल ज्याकडे बघतंय त्याबद्दल बोला. ते ‘गाई’ म्हणालं तर ‘गाई आली’ म्हणा, एकच शब्द वाढवून. ‘हे काय? ते काय?’ अशी परीक्षा घेऊ नका. त्याने डबा उघडायला दिला की मनात दहापर्यंत मोजा, त्याला मागायला वाव द्या. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, असं भारतीय बालरोग अकादमी सांगते. जेवताना मोबाइल बंद केला की पहिले चार-पाच दिवस आरडाओरडा होईल, आजीलाही सांगून ठेवा.

पुढच्या तीन महिन्यांत काय साधायचं ते थेरपिस्टकडून लिहून घ्या. तेवढ्या काळात समज, खुणा, शब्द यांपैकी काहीच हललं नाही, तर थेरपीची पद्धत बदलायला सांगा किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा.