पावसात मुंबईत गाडी काढताय? आधी हे बघून घ्या

पहिल्या पावसात आपण भजी तळत असतो आणि नेमका तेव्हाच रस्ता सगळ्यात घसरडा असतो, उन्हाळाभर सांडलेलं ऑइल आणि धूळ मिळून वर साबणासारखा थर येतो. दोन-चार मोठ्या सरींत तो धुऊन जातो, तोवर पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा आणि ब्रेक एकदम दाबू नका.

टायरची खाच कायद्याने कमीत कमी १.६ मिमी खोल लागते, पण मी ३ मिमीच्या खाली गेली की बदलतो, कारण खाच झिजली की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तसं झालं तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. काच आतून धुरकट होत असेल तर एसी चालू करून हवा समोरच्या काचेवर सोडा. हेडलाइट लो बीमवर. आणि चालत्या गाडीत हॅझर्ड लाइट (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात ते) लावू नका हो, मागच्याला तुमचा इंडिकेटर कळत नाही!

आता पाणी. निघायच्या आधी भरतीची वेळ बघा, मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की पाणी समुद्रात जातच नाही आणि हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे तुंबतात. सबवेत, म्हणजे रुळांखालून जाणाऱ्या रस्त्यात, तर जाऊच नका. बाकी ठिकाणी पुढच्या गाडीचा टायर किती बुडतोय ते बघा, अर्ध्यापर्यंत येत असेल तर सरळ मागे फिरा. जायचंच असेल तर पहिला गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, मध्येच गिअर बदलायचा नाही, समोरून बस येत असेल तर ती जाईपर्यंत थांबा कारण तिची लाट बॉनेटवर येते.

गाडी पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका. मी किंग्ज सर्कलला दोनदा मारला, इंजिनात पाणी शिरलेलं, कनेक्टिंग रॉड (इंजिनातला पिस्टनला जोडलेला दांडा) वाकला, आणि विम्यात इंजिनचं वेगळं कव्हर घेतलं नव्हतं म्हणून सगळा खर्च खिशातून.

पाणी दारापर्यंत चढायला लागलं तर बेल्ट काढा, काच लगेच खाली करा, आणि गाडीचा मोह सोडून बाहेर पडा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा बंद गाड्यांत अडकून माणसं गेली. काच खाली होत नसेल तर फोडायला छोटी हातोडी हाताशी ठेवा, डिकीत नाही. मारायची बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर, पुढची काच फुटत नाही.

पाण्यातून नीट बाहेर आलात तर हळू चालवत ब्रेक दोन-चारदा हलकेच दाबा, ओले ब्रेक लागत नाहीत, पुढच्या सिग्नलला कळण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं.