फेराराच्या भिंतीवरचे ग्रह कसे ओळखावेत

इटलीतल्या फेरारा शहरात स्किफानोया नावाचा महाल आहे. तिथल्या ‘महिन्यांच्या दालना’त १४७०च्या सुमारास राशी, देवता आणि दरबार एकाच भिंतीवर रंगवले गेले. प्रबोधनकाळातल्या चित्रांमधल्या ग्रहखुणा वाचायला शिकायचं, तर मी सुरुवात इथूनच करायला सांगेन. फ्रान्चेस्को देल कोस्साने रंगवलेला एप्रिल महिना स्क्रीनवर मोठा करून घ्या.

१. आधी मधला गडद पट्टा पाहा. तिथे बैल आहे, म्हणजे वृषभ रास.

२. मग वरचा रथ. देवतेच्या चेहऱ्याकडे लगेच जाऊ नका; रथ कोण ओढतंय ते बघा. इथे हंस आहेत, म्हणून ही व्हीनस. आपला शुक्र पुरुष, तिथे मात्र तो ग्रह देवीचा.

३. आता आजूबाजूला नजर फिरवा. गवतात ससे, जोड्याजोड्यांनी जमलेले तरुण-तरुणी, मागे खडकावर तीन देवकन्या. आणि व्हीनसपुढे गुडघे टेकलेला, साखळीने बांधलेला योद्धा: मंगळ. शुक्र मंगळाचा उग्रपणा आवरतो, असं फ्लॉरेन्सचा तत्त्वज्ञ फिचिनो याच सुमारास लिहीत होता. एकट्या सशावरून निष्कर्ष काढू नये. इतक्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हाच ग्रह पक्का मानावा.

४. पत्रिकेचं ज्ञान जपून वापरा. मार्चमध्ये मेष रास आहे, पण रथात राशिस्वामी मंगळ नाही. तिथे विद्या आणि हस्तकलांची रोमन देवी मिनर्व्हा आहे. एका बाजूला विद्वान, दुसऱ्या बाजूला मागावर विणणाऱ्या बायका. रोमन कवी मॅनिलियसने राशींना वेगळे रक्षक देव दिले होते. दालनातले रथ त्याच्या यादीप्रमाणे आहेत. वृषभाला दोन्हीकडे शुक्रच येतो, म्हणून एप्रिल सोपा.

५. शेवटी राशीभोवतीच्या तीन आकृत्या. हे द्रेष्काण, म्हणजे राशीचे तीन भाग, प्रत्येकी दहा अंशांचे. मेषेचा पहिला द्रेष्काण म्हणजे पांढऱ्या फाटक्या वस्त्रातला, कमरेला दोर बांधलेला काळा पुरुष. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त या द्रेष्काणाचं वर्णन आहे: कमरेला पांढरं वस्त्र, काळा वर्ण, लाल डोळे, उगारलेला परशू. ही आकृती भारतातून नवव्या शतकातल्या अबू माशर या ज्योतिषाच्या अरबी ग्रंथामार्गे फेराराला पोचली, हे जर्मन कला-इतिहासकार आबी वारबुर्गने १९१२ साली रोममध्ये मांडलं. श्लोक शेजारी ठेवून चित्र पाहा. परशू गळालाय, पण वर्ण आणि पांढरं वस्त्र टिकलंय.