बाजू मांडणारं भाषण: विषय निवडताना या चुका टाळा

एखाद्या मागणीसाठी उभं राहून बोलायचं असतं, तेव्हा भाषण बहुतेकदा विषय ठरतानाच फसतं. मग पाठांतर आणि हावभावांवर कितीही मेहनत घेतली तरी उपयोग होत नाही.

सर्रास होणारी चूक म्हणजे ज्याला कुणाचाच विरोध नाही असा विषय घेणं. 'पर्यावरण वाचवा' म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि उठून जातात. कुणी, काय आणि कधीपासून करावं, हे एका वाक्यात लिहून पाहा. 'शाळेने पुढच्या सत्रापासून प्लास्टिकच्या बाटल्यांतलं पाणी विकणं बंद करावं' असं लिहिलं की लगेच प्रश्न येतात. मग प्यायच्या पाण्याची सोय काय? खर्च कोण करणार? भाषणाचे मुद्दे या प्रश्नांतूनच मिळतात.

आवाका न ओळखणं हीसुद्धा तितकीच महागात पडणारी चूक. लंडनमध्ये १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली. सदस्यांना मुळात गुलामगिरीच चीड आणणारी होती, तरी त्यांनी मागणी व्यापारबंदीपुरती ठेवली, कारण व्यापाराचे नियम करणं संसदेच्या हातात होतं. व्यापारबंदीचा कायदा १८०७ मध्ये आला, बहुतेक ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा १८३३ मध्ये. एवढ्या भयंकर अन्यायापुढेही मागणी नेमकी ठेवणाऱ्या त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्याला तर पाचच मिनिटं मिळणार असतात.

समोरच्यांच्या हातात काय आहे, हेही बघा. विद्यार्थ्यांपुढे करप्रणाली बदलायची मागणी करून ते काय करणार?

काही विषयांवर लोकांची मतं आधीच घट्ट झालेली असतात. फाशी हवी की नको, यावर एका भाषणाने कुणी बाजू बदलत नाही. त्याऐवजी गरीब आरोपीला वेळेत चांगला वकील मिळावा, एवढंच मागा. दोन्ही बाजूंचे लोक निदान ऐकून घेतील.

तळमळीचा विषय जरूर घ्या, पण विरोधकाचा सगळ्यात भक्कम मुद्दा त्याला पटेल अशा शब्दांत मांडता येतो का, ते तपासा. येत नसेल तर अजून वाचा. आणि शोधूनही नुसती मतंच हाती लागत असतील, आकडे किंवा कागदपत्रं सापडत नसतील, तर लिहायला बसण्याआधीच विषय बदला.