महापूर : पाणी चढताना आणि उतरल्यावर या चुका टाळा

कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या जुन्या घरांत भिंतीवरची एक पुसट रेघ पाहुण्यांना आवर्जून दाखवली जाते : 2005 चे पाणी इथवर आले होते. ऑगस्ट 2019 मध्ये कित्येक कुटुंबे याच रेघेच्या भरवशावर घरात थांबली. त्यांनी धान्याची पोती रेघेच्या हातभर वर रचली. सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा पोतीही भिजली आणि बाहेर पडायची वाटही बुडाली. ‘आपल्याकडे कधी पाणी येत नाही’ असे छातीठोकपणे सांगणारे एक तरी ज्येष्ठ प्रत्येक गल्लीत असतात. त्यांचा मान राखावा, पण निर्णय त्यांच्यावर सोपवू नये.

त्याऐवजी पातळीचे आकडे पाहावेत. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, तर आयर्विन पुलाजवळ त्या अनुक्रमे 40 आणि 45 फूट आहेत. किती फुटांना आपल्या गल्लीत पाणी शिरते आणि त्याआधी किती फुटांना गावाचा रस्ता बंद होतो, हे एकदा वहीत लिहून ठेवावे, कारण खरी मुदत रस्ता बंद होण्याची असते. पाऊस उघडला म्हणून निर्धास्त होणे हीदेखील नेहमीची चूक आहे; धरणातून सोडलेला विसर्ग खाली पोहोचायला काही तास लागतात आणि कोरड्या दिवशीही नदी चढत राहते. उशिरा निघणाऱ्यांच्या वाट्याला शेवटी होडीच येते. 2019 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेतलेली अशीच एक नाव उलटली होती. जनावरे सोबत नेणे शक्य नसेल, तर निदान दावी सोडून द्यावीत.

पाणी उतरल्यावरची घाई मात्र अधिक महाग पडते. घरात पाऊल ठेवताच दिवा लावून पाहण्याचा मोह होतो. पण मीटरच्या पेटीत ओल असताना विजेचा धक्का बसू शकतो, म्हणून वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विचला हात लावू नये. बुडालेल्या मोटारसायकलला किक मारून पाहणे ही त्याच जातीची चूक. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि साफसफाईत भागले असते तिथे इंजिनच उघडावे लागते. वाहन ढकलतच मेकॅनिककडे न्यावे.

चिखलाच्या बाबतीत उलट आहे : तिथे दिरंगाई नडते. पाणी ओसरत असतानाच गाळ खराट्याने त्याच पाण्यासोबत बाहेर लोटावा; दोन दिवस उन्हात राहिला की तो फरशीला असा धरतो की खोऱ्यानेही सुटत नाही. मात्र खराटा हाती घेण्यापूर्वी भिंतीवरची पाण्याची खूण आणि खराब झालेले सामान एकाच चौकटीत दिसेल असे फोटो काढावेत, कारण तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत घर स्वच्छ झालेले असते आणि नुकसान नुसते तोंडी उरते. पीकविमा असल्यास शेतात पाणी साचल्याची सूचना द्यावी लागते का आणि किती अवधीत, हे लगेच विचारून घ्यावे. घर आवरण्याच्या नादात हा अवधी हमखास निसटतो.

भिजलेले गहू वाळवून दळणे आणि बुरशी धरलेला कडबा जनावरांना घालणे ही काटकसर नव्हे. पुराच्या पाण्यात वावरल्यानंतर महिनाभरात ताप आला, तर आपण त्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. लेप्टोस्पायरोसिस या पुराच्या पाण्यातून होणाऱ्या आजाराची सुरुवात साध्या तापासारखीच होते आणि अंगावर काढल्यास मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो.

राहता राहिला रंग. गणपती तोंडावर असतात, म्हणून ओल्या भिंतींवरच ऑइल पेंटचा हात फिरवला जातो. आतली ओल कोंडते आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटू लागतात. त्या वर्षी गणपती चुन्याच्या भिंतीपुढे बसवावेत आणि रंगाचे काम भिंत आतून वाळल्यावर, उन्हाळ्यात काढावे.