वाचनाची बाराखडी : सीमाभागातील मराठी वर्गासाठी एका वाचन-उपक्रमाची मांडणी

वाचनाचा उपक्रम म्हटला की बहुतेक शिक्षकांच्या मनात पहिल्यांदा येतो तो आकडा : सर्वांत जास्त पुस्तके कोणी वाचली? कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मराठी शाळेत सहावी-सातवीला शिकवताना मीही पहिल्या वर्षी तसेच केले. भिंतीवर नावांची यादी लावली आणि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे एक चांदणी चिकटवली. दिवाळीपर्यंत एका मुलाच्या नावापुढे चांदण्यांची रांग लागली. मात्र त्यांतली बहुतेक पुस्तके एकाच मालेतील, सोळा-सोळा पानांची होती. त्याच काळात एक मुलगी जाडजूड कादंबरी संथपणे, पण जीव लावून वाचत होती. तिच्या नावापुढे एकही चांदणी नव्हती आणि भिंतीवरची ती रिकामी जागा रोज पाहून तिने कादंबरी अर्ध्यावर परत आणून दिली. मोजमाप मी चुकीचे निवडले होते. पुढच्या वर्षापासून पुस्तकांची संख्या मोजणे बंद केले आणि वाचनाचे प्रकार मोजायला सुरुवात केली. त्यातून जी पद्धत हळूहळू ठरत गेली, ती येथे मांडतो.

प्रत्येक मुलाने वहीच्या मधल्या जोडपानावर बारा घरांचा तक्ता आखावा आणि घरांना स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षराची बाराखडी द्यावी. स्नेहलचा तक्ता स, सा, सि, सी असा चालेल, महेशचा म, मा, मि, मी असा. आरतीसारख्या स्वराने सुरू होणाऱ्या नावांचे काय, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात. त्यांच्यासाठी अ ते अः हे बारा स्वर आहेतच. यात थोडी गंमत आहे हे खरे, पण त्याचा उपयोगही आहे. तक्ता प्रत्येकाचा वेगळा दिसतो, त्यामुळे शेजारच्याशी तुलना करणे अवघड होते. कोण किती मागे आहे हे सांगणारा सामाईक तक्ता भिंतीवर अजिबात लावू नये. भिंतीवर लावायचाच असेल तर संपूर्ण वर्गाचा मिळून एक तक्ता लावावा आणि त्यात कोणत्या प्रकारात वर्गाने एकूण किती पुस्तके वाचली एवढेच दाखवावे.

बारा घरांत काय असावे, हे वर्गातील पुस्तके पाहून ठरवावे. माझ्या वर्गात लोककथा, कवितासंग्रह, चरित्र, विज्ञान, प्रवासवर्णन, नाटुकले, विनोदी लेखन, इतिहास, प्राणी-पक्षी-निसर्ग आणि नियतकालिक ही पहिली दहा घरे असतात. अकरावे घर, म्हणजे अनुस्वाराचे, मित्राने किंवा मैत्रिणीने सुचवलेल्या पुस्तकासाठी राखलेले असते, मग ते कोणत्याही प्रकारचे असो. बारावे विसर्गाचे घर अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचे आहे. पुस्तक कितव्या पानावर सोडले आणि का सोडले, हे दोन वाक्यांत लिहिले की ते घर भरले. या शेवटच्या घराबद्दल काही सहकाऱ्यांनी शंका घेतली, कारण मुलांना पुस्तक टाकून द्यायला शिकवणे त्यांना पटले नाही. माझा अनुभव असा की नावडते पुस्तक सोडायची परवानगी आहे हे कळल्यावर मुले अनोळखी प्रकाराला हात लावायला कचरत नाहीत, आणि ‘का सोडले’ याची त्यांनी दिलेली कारणे पूर्ण वाचलेल्या पुस्तकांवरील मतांपेक्षा बहुधा अधिक प्रामाणिक असतात.

सीमाभागातील वर्गात बारा घरांवर थांबून चालत नाही. आपली मुले मराठी माध्यमात शिकतात, कन्नड आणि इंग्रजीही शिकतात, पण या दोन भाषांत पाठ्यपुस्तकाबाहेर क्वचितच काही वाचतात. कन्नडच्या बाराखडीला, म्हणजे कागुणिताला, ए आणि ओ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन-दोन रूपे आहेत. त्यांमुळे मराठीपेक्षा दोन घरे तिथे जास्तीची होतात. हाच धागा धरून तक्त्याला आणखी दोन घरे जोडावीत, एक कन्नड पुस्तकासाठी आणि एक इंग्रजीसाठी. या दोन घरांचा नियम वेगळा असावा : पुस्तकाची जाडी आणि इयत्ता पाहायची नाही. सातवीच्या मुलाने दुसरीच्या पातळीचे कन्नड चित्रपुस्तक वाचले तरी घर भरलेच. मराठीत सहज वाचणाऱ्या मुलाला कन्नड लिपीत अडखळताना लाज वाटते आणि ती लाज घालवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे एकच गोष्ट दोन्ही भाषांत देणे. मुलांची पुस्तके काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतील चित्रगोष्टी चार पातळ्यांमध्ये विनामूल्य मिळतात, आणि त्यांतल्या पुष्कळ गोष्टी दोन्ही भाषांत आहेत. आधी मराठी, मग कन्नड असे वाचले की अर्थ ठाऊक असल्यामुळे मुलाचे सारे लक्ष अक्षरांकडे जाते. शाळेत प्रिंटर असेल तर एका गोष्टीच्या दोन प्रती छापून, पाठीला पाठ लावून शिवून ठेवाव्यात.

पुस्तके कोठून आणायची, हा सर्वांना पडणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पुष्कळदा शाळेच्या कुलूपबंद कपाटातच असते. पुस्तके वापरासाठी असतात, हे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिले सूत्र. तरीही नोंदवहीतील पुस्तक फाटले तर जबाबदारी कोणाची, या भीतीने कपाट उघडले जात नाही. शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत हा विषय एकदाच स्पष्टपणे मांडून, वर्गवापरात झिजलेल्या पुस्तकासाठी शिक्षकाला किंवा मुलाला भरपाई करावी लागणार नाही, असा ठराव करून घ्यावा. कपाट रिकामे झाल्यावर बाहेर पाहावे. १८४८ साली स्थापन झालेले बेळगावचे सार्वजनिक वाचनालय शहरात आहे. शिक्षकाने स्वतः सभासद होऊन दर खेपेला एक-दोन पुस्तके वर्गासाठी आणली तरी वर्षभरात बरीच विविधता येते. कन्नड पुस्तकांसाठी गावातील ग्रामपंचायत ग्रंथालय, म्हणजे आताचे अरिवु केंद्र, गाठावे. ‘ओदुव बेळकु’ या नावाने २०२० साली सुरू झालेल्या योजनेत सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना या ग्रंथालयांचे सभासदत्व विनामूल्य देण्यात आले आणि आपल्या भागातील मराठी पालकांपैकी अनेकांना याची कल्पनाच नसते. नियतकालिकाच्या घरासाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक उत्तम. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत.

याशिवाय वर्गात पुस्तकांची भिशी लावावी. आपल्या गल्लीतल्या बायकांची पैशांची भिशी मुलांना चांगली माहीत असते, त्यामुळे नियम समजावून सांगावे लागत नाहीत. प्रत्येक मुलाने घरातले, मामाकडचे किंवा मागून आणलेले एक पुस्तक महिन्याच्या पहिल्या शनिवारी भिशीत टाकायचे, चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्याच्या वाट्याला जे येईल ते महिनाभर त्याच्याकडे. ज्याच्या घरी एकही पुस्तक नाही, त्याच्या नावाने शिक्षकाने गुपचूप एक पुस्तक आधीच टाकून ठेवावे. हे गुपित पाळणे फार महत्त्वाचे आहे.

आपल्याकडच्या पावसाचा विचार न करता आखलेला कोणताही उपक्रम जुलैतच बुडतो. जांबोटी-कणकुंबी भागात तर पुस्तकांना आठवडाभरात बुरशी धरते. पुस्तके भिंतीला टेकवून न ठेवता दोरीवर किंवा फळीवर हवा खेळेल अशी ठेवावीत, घरी नेताना प्लास्टिकच्या पिशवीतच न्यावीत, आणि कपाटात कडुलिंबाची वाळलेली पाने घालावीत. दुसरी अडचण आवाजाची आहे. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की शिक्षकाचा मोठ्याने वाचून दाखवण्याचा तास वायाच जातो. म्हणून जून-जुलैमध्ये मौनवाचनावर भर द्यावा आणि प्रकट वाचन, नाटुकल्यांचे वाचन, कवितावाचन हे सारे पावसाळा ओसरल्यावर घ्यावे. भात लावणीच्या आणि सुगीच्या दिवसांत काही मुले शाळेत येत नाहीत. त्यांची घरे त्या काळात भरणार नाहीत हे गृहीतच धरावे आणि त्याबद्दल बोलू नये.

रोज पंधरा मिनिटे, ठरलेल्या वेळी, सर्वांनी एकत्र वाचावे. माझ्या वर्गात माध्यान्ह आहारानंतरची वेळ सोयीची ठरली, कारण तेव्हा मुले गणित ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतातच. या पंधरा मिनिटांत शिक्षकाने हजेरी भरू नये, वह्या तपासू नयेत. खुर्चीत बसून स्वतःचे पुस्तक वाचावे आणि आपलाही चौदा घरांचा तक्ता मुलांना दिसेल असा ठेवावा. गेल्या वर्षी माझे कवितेचे घर जानेवारीपर्यंत रिकामे होते आणि त्याची आठवण मला वर्गाने किमान तीनदा करून दिली.

पुस्तक झेपेल की नाही हे मुलांनी स्वतः ओळखावे, यासाठी पाच बोटांची युक्ती पुरते. मधले कोणतेही पान उघडून वाचायचे आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे; पाचही बोटे मिटली तर सध्या दुसरे पुस्तक घ्यायचे. मात्र आपल्या भागात ही युक्ती जरा जपून वापरावी लागते. बोट मिटण्याची दोन कारणे असू शकतात. एक, जोडाक्षर वाचता न येणे. दुसरे, शब्द वाचता येऊनही ओळखीचा नसणे, कारण पुस्तकातील मराठी पुण्या-मुंबईच्या घरांतली असते आणि मुलाच्या घरी बेळगावी किंवा चंदगडी वळणाची बोली बोलली जाते. पहिल्या मुलाला वाचनाच्या सरावाची गरज आहे, दुसऱ्याला केवळ अर्थ सांगणाऱ्या माणसाची. दोघांना एकच सोपे पुस्तक देणे म्हणजे दुसऱ्यावर अन्याय आहे. अशा अनोळखी शब्दांसाठी वहीच्या शेवटी दोन रकाने आखून घ्यावेत, एकात पुस्तकातला शब्द आणि दुसऱ्यात आपल्या घरचा शब्द. वर्षाअखेर ही यादी वाचण्यासारखी होते.

पुस्तक खरेच वाचले का, हे तपासण्याचा मोह आवरावा. सारांश लिहायला लावला की वाचनाचा गृहपाठ होतो आणि मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढण्याची कला तेवढी वाढीस लागते. त्याऐवजी शनिवारच्या सकाळच्या शाळेत अर्धा तास गप्पांसाठी ठेवावा. चार-पाच मुलांनी प्रत्येकी दोन मिनिटे बोलावे आणि शिक्षकाने असा एखादाच प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर पुस्तकाच्या पाठीवर छापलेले नसते : या गोष्टीतल्या कोणाशी तुझे भांडण झाले असते? यातली कोणती गोष्ट आपल्या गावात घडूच शकली नसती? मुलाने आपल्या बोलीत, ‘मला काय पटलं नाही की ते,’ असे उत्तर दिले तर ते तसेच स्वीकारावे. प्रमाण भाषेची दुरुस्ती व्याकरणाच्या तासाला करता येते. एखादा मुलगा न वाचताच घर भरतो हे लक्षात आले तरी सर्वांसमोर उघडे पाडू नये. पुढच्या शनिवारी त्याला पहिली किंवा दुसरीच्या वर्गात जाऊन एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. नली-कलीच्या, म्हणजे खेळत-खेळत शिकण्याच्या पद्धतीने चालणाऱ्या या लहान वर्गांतल्या, मुलांसमोर उभे राहायचे म्हटल्यावर गोष्ट आधी वाचून जावीच लागते, आणि त्या वाचनाने एक घर भरल्याचे मानावे.

वेळापत्रक आपल्या शाळांच्या सुट्ट्यांशी जुळवून आखावे. तक्ते जुलैमध्ये वाटावेत आणि २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, उपक्रम थांबवावा, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या आड तो येत नाही. आठ महिन्यांत चौदा घरे म्हणजे महिन्याला दोनच्या आसपास. संथ वाचणाऱ्यालाही हे जमते. महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो, पण आपल्याकडे तेव्हा बहुधा दसऱ्याची सुट्टी चालू असते. त्यामुळे सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला दोन पुस्तके घरी द्यावीत, शक्यतो एक लहान भावंडाला वाचून दाखवण्याजोगे. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कारदगा अशा गावांतून साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडीत लेझीम खेळून मुलांना परत आणण्यापेक्षा त्यांना अर्धा तास पुस्तकांच्या विक्रीदालनात मोकळे सोडावे आणि वर्गनिधीतून एक पुस्तक त्यांच्या मताने निवडून विकत घ्यावे. कोणते घ्यायचे यावर होणारा वाद पुस्तकाच्या किमतीपेक्षा मोलाचा असतो.

पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक काढू नयेत. ज्याची दहा घरे भरली, त्याला पुढच्या आठवड्यात वर्गाने मिळून काय वाचायचे हे ठरवण्याचा मान द्यावा. चौदाही भरणाऱ्याला तोच मान आणखी एकदा.

मार्चमध्ये सर्वांचे तक्ते गोळा करून एकमेकांवर ठेवून पाहावेत. जे घर निम्म्याहून अधिक मुलांचे रिकामे आहे, त्या प्रकाराची पुस्तके बहुधा आपल्या कपाटातच नसतात किंवा असली तरी मुलांच्या वयाला जुळत नाहीत. माझ्याकडे सलग दोन वर्षे प्रवासवर्णनाचे घर रिकामे राहिले, आणि शोध घेतल्यावर कळले की कपाटातील त्या प्रकारची तिन्ही पुस्तके मोठ्यांसाठी लिहिलेली होती. जूनमध्ये शाळा सुधारणा समितीपुढे पुस्तकखरेदीची मागणी ठेवताना ही रिकामी घरेच सोबत न्यावीत.