‘पोलीस केस होईल’ म्हणून लेकराला घरी ठेवू नका

२०२० च्या लॉकडाउनमध्ये ठाण्याचं सिव्हिल आणि वाशीचं महापालिका रुग्णालय कोविडसाठी दिलं गेलं, तेव्हा कळवा-ऐरोलीत एकच प्रश्न होता: लहान मुलाला न्यायचं कुठे? तेव्हा लागलेली ‘थांबून बघू’ची सवय अजून गेलेली नाही; मुलाला मारहाण किंवा अत्याचार झाल्याची शंका असली, की तिला पोलीस केसची भीतीही जोडली जाते.

अमेरिकेत त्या वर्षी मारहाण किंवा आबाळ झालेली मुलं इमर्जन्सीत कमी आली. पण आलेल्यांपैकी भरती करावी लागलेल्यांचं प्रमाण आदल्या वर्षीच्या २.१ टक्क्यांवरून ३.२ वर गेलं. शाळा बंद, पाळणाघर बंद. अंगावरचे वळ बघणारं बाहेरचं कुणी उरलंच नव्हतं.

सगळ्यात महागात पडते ती डोक्याच्या माराची चूक. रडं थांबेना म्हणून बाळाला कुणी गदागदा हलवलं, तर बाहेर कित्येकदा ओरखडाही दिसत नाही; रक्तस्राव आत होतो. बाळ दूध ओढत नाही, उलट्या करतं, मलूल पडतं, डोक्यावरची टाळू फुगते, झटके येतात. पोट बिघडलंय समजून ग्राइप वॉटर पाजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि काय झालं ते खरं सांगा. अजून पालथंही न पडणारं बाळ ‘पलंगावरून पडलं’ हे डॉक्टरांना पटत नाहीच, वर सीटी स्कॅनला उशीर होतो.

गुडघा-नडगी खेळताना फुटतेच. पण न रांगणाऱ्या बाळाच्या अंगावर कुठेही काळंनिळं दिसलं, किंवा चार वर्षांखालच्या मुलाच्या कानावर, मानेवर, छाती-पोटावर दिसलं, तर दाखवायलाच हवं. (जन्मापासून कमरेवर असलेला निळसर डाग म्हणजे मार नव्हे. त्यावरून सुनेला धारेवर धरलेलं पाहिलंय.)

भाजलं तर टूथपेस्ट नको, बर्फ नको. नळाचं वाहतं पाणी २० मिनिटं.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा. पोराला चारचौघांत पुन्हापुन्हा खोदून विचारू नका. ‘आधी एफआयआर आणा’ असं कॅज्युअल्टीत कुणी म्हटलं तर ठाम राहा: पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) २०२० च्या नियमांनुसार तातडीच्या उपचाराआधी कागद मागता येत नाही. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या मेडिको-लीगल केसची) नोंद उपचार सुरू असताना होते.

आणि शेजाऱ्यांनो, सोसायटीच्या ग्रुपवर मुलाचा फोटो टाकू नका, ओळख उघड करणं गुन्हा आहे. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन लावा. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत.